खंडाचा दिवस

भिकमशेठच्या घरात ‘भाडेकरू’ हा शब्द काढायला बंदी होती. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत अभिमन आणि हिलाल ही कॉलेजची दोन मुलं बारावीपासून, म्हणजे पावणेतीन वर्षं राहत होती, महिन्याच्या महिन्याला भाडंही देत होती. पण ते भाडेकरू नव्हते. ते पाहुणे होते. गल्लीत कुणी सहज विचारलं, "काय शेठ, भाडेकरू कसे आहेत?" तर शेठ आधी इकडेतिकडे बघत आणि भिंतीपलीकडे न्यायाधीश कान लावून बसले असावेत अशा हलक्या आवाजात म्हणत, "पाहुणे. पाहुणे म्हणा भाऊ."

याचं मूळ धुळ्यात होतं. धुळ्याला गल्ली नंबर चारमध्ये शेठचं आणि त्यांचे धाकटे भाऊ प्रकाशचंद यांचं सामाईक घर होतं. त्या घरात एक कंपाउंडर दोन महिन्यांसाठी म्हणून राहायला आला, त्याला बावीस वर्षं झाली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं म्हणतात. या कंपाउंडरने ओसरी, माजघर आणि गच्ची तिन्ही ठिकाणी हातपाय पसरले, आणि ते पसरल्यावर त्याचा मुलगा त्याच दारातून बाशिंग बांधून घोड्यावर चढला. वरातीचं आमंत्रण शेठना होतं. तेव्हापासून कोर्टात तारखा चालू होत्या.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. भिकमशेठ पाणीही फुंकून पीत. जळगावला बळीराम पेठेत पुढे त्यांचं सुतळी-बारदानाचं दुकान, मागे राहतं घर आणि त्याच्या मागे ही खोली. खोली द्यायची तर अकरा महिन्यांच्या करारावर, असं त्यांना धुळ्याच्या शिंपी वकिलांनी शिकवलं होतं. अकरा महिने झाले की करार संपला. मग एक दिवस खंड. त्या दिवशी खोली झाडून रिकामी, दाराला मालकाचं कुलूप, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर नवा करार, नवी सही. सलग वर्ष कधी भरूच द्यायचं नाही, म्हणजे हक्क सांगायला कुणी उरत नाही. शेठ याला ‘खंडाचा दिवस’ म्हणत आणि दिवाळीच्या वहीपूजनाइतक्या निष्ठेने पाळत.

करार लिहायचा अभिमनने. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि शेठना लिहिणावळ वाचवायची होती. शेठ सांगत, अभिमन लिही. भिंतीला खिळा ठोकू नये. खोलीत कांदा-लसूण आणू नये. मालकाच्या राहत्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नये, हे कलम पाच. खंडाच्या दिवशी मालकाच्या कुलपाला हात लावल्यास तो बळजबरीचा ताबा समजला जाईल व पुन्हा करार होणार नाही, हे कलम सात. असं करत करत कलमं चौदावर गेली, तेव्हा अभिमनने भीत भीत विचारलं होतं, "शेठ, आणि आमचे हक्क कुठे लिहायचे?"

शेठनी कागद वर-खाली पाहिला. "खाली जागा उरली तर लिही," ते म्हणाले. जागा उरली नाही. तिथे रेव्हेन्यूचं तिकीट लावायचं होतं.

या अकरा महिन्यांच्या वर्षाची एक गंमत होती. पहिला खंड आला जूनच्या पहिल्या तारखेला, तेव्हा मुलं सुटीत गावी होती. दुसरा आला मेच्या सुरुवातीला, तोही परीक्षा संपल्यावर. पण दर खेपेला महिनाभर अलीकडे सरकत सरकत तिसरा खंड आला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला आठ दिवस असताना. साल होतं अठ्ठ्याऐंशी, आणि जळगावचा एप्रिल म्हणजे अंडं नुसतं खिडकीत ठेवलं तर शिजावं. अर्थात शेठच्या खिडकीत अंडं ठेवायलाही कलम होतं.

अभिमनचा जीव त्या दिवशी टांगणीला लागला होता. तो अमळनेरकडच्या एका खेड्यातला. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. ही खोली मिळण्याआधी तो एकवीस दिवस जळगावभर फिरला होता. एकट्या पोरांना खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. खंडाच्या दिवशी हातात कागद नसे. त्या चोवीस तासांत शेठचं डोकं फिरलं, काही कमी-जास्त झालं, तर चौथा करार होणार नव्हता आणि आठ दिवसांवरच्या परीक्षेला त्याला बसस्टँडवरच्या बाकावर अभ्यास करावा लागला असता. हिलालला एवढी काळजी नव्हती. तो साक्रीकडचा, त्याच्या मते परमेश्वराने बाक बसण्यासाठीच केले होते.

सकाळी दहाला सामान बाहेर आलं. दोन ट्रंका, दोन वळकट्या, स्टोव्ह, पुस्तकांचे गठ्ठे, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा आणि हिलालची एक बरणी. ही बरणी तो नेहमी टॉवेलात गुंडाळून ठेवी. तिच्यात लसणाचा ठेचा होता आणि कराराच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती. सामान बदामाच्या झाडाखाली मांडलं. शेठच्या पत्नी सायरबाई खराटा घेऊन खोली झाडायला आत गेल्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा भलामोठा झुबका होता. त्या कुठे आहेत ते घरात नेहमी कानाने कळे.

नेमकी त्याच दिवशी शेठची धुळ्याला तारीख होती. अकराची एसटी गाठायची होती. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात पितळी अलीगढी कुलूप, अशा थाटात शेठ धावत अंगणात आले. या कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक दिवाळीपासून सापडत नव्हती, म्हणून उरलेली त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती. दारातून त्यांनी डोकं आत घातलं. जमीन लख्ख दिसली. हिलालशी ते त्याच्याच भाषेत बोलत.

"बठ्ठं निंघनं ना रे?"

"बठ्ठं निंघनं, शेठ," हिलाल म्हणाला. ‘सगळं निघालं’ हे उत्तर त्याने सामानाचं दिलं होतं. माणसांचं कुणी विचारलं नव्हतं.

शेठनी दार ओढलं, कुलूप लावलं, तीनदा हिसका देऊन पाहिलं आणि घराच्या दिशेने ओरडले, "सायर, निघालो मी." उत्तर आलं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात शेठनी उत्तरासाठी थांबण्याची सवय ठेवली नव्हती, त्यामुळे ते निघालेही.

पाऊण तास गेला. मुलं झाडाखाली बसून वाचत होती. आणि खोलीतून खाकरल्याचा आवाज आला. पाठोपाठ किल्ल्यांचा.

हिलालने पुस्तक मिटलं. "भो, खोलीमातीन आवाज ऊना."

"खोली रिकामी शे," अभिमन म्हणाला.

"रिकामी खोली खोकलत नही."

तेवढ्यात खिडकीची एक फळी उघडली आणि गजांमागे सायरबाई दिसल्या. तोंडावर बांधलेली मुहपत्तीची पांढरी पट्टी त्या सावकाश सोडत होत्या. "अरे अभिमन," त्या शांतपणे म्हणाल्या, "ताळा लावून गेले का ते?"

झालं होतं ते अगदी साधं होतं. सायरबाईंनी खोली झाडली. झाडल्यावर त्यांना ती रिकामी, थंड सावलीची आणि मुख्य म्हणजे गप्प वाटली. त्यांच्या स्वतःच्या घरात गप्प जागा नव्हती. मुली सासरी गेल्या होत्या, मुलगा सुरतेला होता, तरी पुढच्या दुकानातून दर पाच मिनिटांनी ‘सायर, पाणी’, ‘सायर, सुतळीचा गठ्ठा’ चालूच असे. रोजचं सामायिक त्यांना धड पुरं करता येत नव्हतं. सामायिक म्हणजे जैनांची रोजची साधना, अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं. उठायचं नाही, संसारातलं बोलायचं नाही. पदराच्या गाठीला वाळूची घडी, म्हणजे छोटं घड्याळ, होतीच. त्या दारामागच्या कोपऱ्यात बसल्या आणि घडी उलटी केली. वाळूची धार सुरू झाली न झाली तोच दार ओढल्याचा आणि कुलूप लागल्याचा आवाज आला. नवऱ्याची हाक ऐकू आली. पण अजून सगळी वाळू वरच होती. सायरबाईंनी डोळे मिटून घेतले. वाळू संपली तेव्हा एसटी जळगावच्या बाहेर पडली होती.

"आता?" अभिमन म्हणाला.

"कुलूप तोडू," हिलाल म्हणाला. "दगड आनू का?"

"कलम सात," अभिमन म्हणाला.

सायरबाईंनी विचारलं, "काय आहे ते?"

अभिमनने पाठ म्हणून दाखवलं. कुलपाला हात, बळजबरीचा ताबा, पुन्हा करार नाही.

"कोणी लिहिलं असलं?"

"मीच. शेठनी सांगितलं तसं."

"अक्षर चांगलं असलं की हा त्रास असतो," सायरबाई म्हणाल्या.

हिलाल विचार करत होता. तो क्वचित करी, पण करी तेव्हा दूरवर जाई. "अभिमन, करार काल संपना ना? आज खंड शे. मंग आज कलम कोठलं?"

मुद्दा बिनतोड होता. "करार नही शे, मंग आपन कोन?" अभिमन हळूच म्हणाला. "कोनीच नही. कोनी नसताना दुसराना घरनं कुलूप तोडं, तर ती चोरी शे." कराराखाली गेलं तर ताबा, कराराबाहेर गेलं तर चोरी, असा तो पेच होता.

"बाई, तुमच्या झुबक्यात नाही का याची किल्ली?" अभिमनने विचारलं.

सायरबाईंनी झुबका वर धरला आणि एकेक किल्ली दाखवली. "ही कोठीची. ही कपाटाची. ही माझ्या पेटीची. दुसरी किल्ली दिवाळीपासून सापडत नाही म्हणून ते रोज तर रडतात." झुबका पुन्हा खाली गेला. "राहू दे रे. संध्याकाळच्या गाडीने येतीलच. आल्यावर तुटलेलं कुलूप पाहिलं तर त्यांची छाती बसेल. मला फक्त एक आहे, सूर्य बुडायच्या आत जेवण व्हायला पाहिजे. नंतर मी पाणीसुद्धा घेत नाही."

संध्याकाळची गाडी जळगावला साडेसातला येई. एप्रिलात सूर्य सातच्या आधीच बुडे. म्हणजे वरून पत्रा तापणार, आतली बाई उपाशी-तहानेली, आणि दाराबाहेर आपण दोघं. उद्या सगळी गल्ली काय म्हणेल ते अभिमनला आजच ऐकू येऊ लागलं.

त्याने दुकानाच्या मागून एक बारदान आणलं, ओलं केलं आणि खिडकीवर टांगलं. पाण्याचा तांब्या गजांतून जाईना, म्हणून फुलपात्राने पाणी दिलं. आणि हिलालला फोन करायला पाठवलं. फोन समोर चिंधाआप्पांच्या पिठाच्या गिरणीत होता. शेठ कोर्टात असणार, म्हणून धुळ्याला प्रकाशचंदांच्या दुकानाचा कॉल लावला. तासाभराने तो लागला. तेव्हा गिरणीवर मिरच्या दळायचं काम चालू होतं आणि चिंधाआप्पा पट्टा थांबवायला तयार नव्हते. एकदा थांबला की परत धरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हिलालने एका कानात बोट घातलं आणि आवाज चढवला. घाई झाली की त्याच्या तोंडी घरचीच भाषा येई.

"हॅलो, धुये का? मी हिलाल. शेठना खोलीवाला. बाई खोलीमा शे. बाहेर कुलूप शे. तोडू का?"

"काय तोडं?" तिकडून प्रकाशचंद ओरडले.

"कुलूप. कुलूप तोडू का?"

"कुलूप तोडं?"

"हा, कुलूप," हिलाल म्हणाला, आणि मिरचीची एक जबरदस्त शिंक आली. ती ओसरेपर्यंत लाइन कटली होती.

खान्देशात ‘तोडू’ म्हणजे तोडू, आणि ‘तोडं’ म्हणजे तोडलं. दोन्हींत अंतर एका उकाराचं. तो उकार गिरणीत दळला गेला. हिलालने परत येऊन, डोळे पुसत, निरोप पोचल्याचं सांगितलं. तो पोचला होता हे खरं. कोर्टाच्या आवारात, आपल्या तारखेचा पुकारा होण्याची वाट बघत बसलेल्या भिकमशेठच्या कानाशी प्रकाशचंद लागले आणि म्हणाले, "पोरांनी कुलूप तोडलं. भाभी खोलीत कोंडल्या आहेत."

इकडे उत्तराची वाट बघण्यात चार वाजले. गज तापले. बारदान दर दहा मिनिटांनी वाळत होतं, अभिमन ते भिजवत होता आणि मधल्या वेळात खिडकीपाशी बसून वाचत होता. सायरबाईंनी सांगितलं, मोठ्याने वाच, मलाही ऐकू दे. व्यापारी कायद्याचा पेपर होता. करार म्हणजे काय, हाच धडा निघाला.

"दोन्ही बाजूंची राजीखुशी असेल तरच करार," अभिमनने वाचलं.

"दोन्ही बाजूंची?"

"हो, बाई."

"मग तुमच्या कागदात तुमची बाजू कुठे आहे?"

"खाली जागा उरली तर लिहायची होती," अभिमन म्हणाला.

वाऱ्याची झुळूक यावी म्हणून सायरबाईंनी वर छताकडे पाहिलं. तिथे पंखा नव्हता, हुक होता. तीन वर्षं मुलं या हुकाखाली झोपत होती हे त्यांना आजच दिसलं.

पाच वाजता त्या म्हणाल्या, "चला. आता कोणी येत नाही. तुम्हीच करा."

"काय करा?"

"फुलके. आणि पापडाची भाजी. डाळ सकाळची आहे, गरम करा."

अभिमन घराच्या मागच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थांबला. तीन वर्षांत त्याने हा उंबरा बाहेरूनच पाहिला होता. "बाई, कलम पाच," तो म्हणाला.

"चूल कोणाची आहे त्या घरात?"

"तुमची."

"मग मी सांगते, ये आत."

तो आत गेला. मागून हिलाल. पण हिलालला खिडकीशी परत बोलावून सायरबाईंनी त्याचे हात हुंगले. गजांतून बाहेर आलेलं त्यांचं नाक क्षणात मागे गेलं. "लसूण," त्या म्हणाल्या.

हिलाल बरणीकडे बघणार नाही असा प्रयत्न करत होता, म्हणून नेमका तिकडेच बघत होता.

"किती दिवस आहे ती?"

"पहिल्या करारपासून," हिलाल खाली मान घालून म्हणाला.

त्याला राखेने तीनदा हात धुवायला लावले. मग स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून स्वयंपाकघरापर्यंत अभिमनच्या फेऱ्या सुरू झाल्या. पाणी गाळून घ्या. पीठ चाळा. मोहन घाला, पण ओतू नका. हिलाल घरी आईच्या हाताखाली भाकरी शिकला होता. थापायचं त्याच्या हाताला ठाऊक होतं, लाटायचं नव्हतं. पहिला फुलका त्याने दाखवायला आणला.

"पातळ, छोरा, पातळ," सायरबाई म्हणाल्या. "बारदान पुढे दुकानात आहे."

चौथा फुलका फुगला. हिलालला झालेला आनंद अभिमनने त्याच्या चेहऱ्यावर मार्कशीट बघतानाही कधी पाहिला नव्हता. फुलके गुंडाळी करून गजांतून गेले. भाजीची वाटी जाईना. तिरकी केली तर भाजी अभिमनच्या बाहीत शिरली. शेवटी भाजीही फुलपात्रातून गेली. सायरबाई खिडकीशी बसून जेवू लागल्या. हिलाल तव्यावरून एकेक गरम फुलका धावत आणत होता आणि अभिमन तुपाचं बोट लावून आत देत होता. तिसऱ्या फुलक्याला त्यांनी पदराने डोळे टिपले.

"तिखट झालं का, बाई?"

"मीठ नाही भाजीत," त्या म्हणाल्या. "असू दे. आणखी एक आण."

आणि त्याच वेळी गल्लीत जीप थांबली.

भिकमशेठ पुढे, काळा कोट हातावर टाकलेले शिंपी वकील मागे. शेठचा चेहरा पाहवत नव्हता. अंगणात येऊन त्यांनी पाहिलं तर झाडाखाली मुलांचं सामान पसरलेलं. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात हिलाल उभा, हातात त्यांचं लाटणं, खांद्यावर त्यांचा नॅपकिन, भुवईवर त्यांचं पीठ. शेठ नुसतेच "वकीलसाहेब, वकीलसाहेब" म्हणत राहिले.

शिंपी वकील खोलीच्या दाराशी गेले. चष्मा वर करून त्यांनी कुलूप पाहिलं, हिसका दिला, पुन्हा पाहिलं. "शेठ, कुलूप तर शाबूत आहे. तुमचंच आहे ना?"

"माझंच."

"आणि आत?"

"मीच आहे," आतून सायरबाई म्हणाल्या. "घाई करू नका. हात धुते."

मग सगळा उलगडा झाला. बठ्ठं निंघनं, सामायिक, गिरणी, फोन. शिंपी वकिलांनी तो साक्षीपुराव्यासारखा ऐकून घेतला आणि ट्रंकेवर बसून निकाल दिला. "शेठ, खोली पूर्णपणे तुमच्या ताब्यात आहे. आत तुमचीच माणसं. पण आज दुपारपासून अंगण, ओसरी आणि स्वयंपाकघर पाहुण्यांच्या ताब्यात आहे. तेही घरच्या बाईंच्या तोंडी परवानगीने." त्यांनी मान हलवली. "तोंडी परवानगी फार वाईट. धुळ्याचा कंपाउंडर तोंडीवरच आला होता."

शेठनी बंडीतून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. सायरबाई बाहेर आल्या. भीती ओसरली की माणसाला राग येतो, तसा शेठना आला. ते अभिमनकडे वळले. "उंबरा ओलांडला तुम्ही. कलम पाच मोडलं. लसणाचाही वास येतो आहे मला. उद्या करार नाही. सामान उचला."

आठ दिवसांवरचा पेपर, बसस्टँडचा बाक, बापाला लिहायचं पत्र, सगळं एकदम अभिमनच्या डोळ्यांपुढे आलं. तो वाकून वळकटी बांधू लागला.

"कोणतं कलम मोडलं म्हणालात?" सायरबाईंनी विचारलं.

"पाच."

"करार कधी संपला?"

"काल."

"मग आज कलम कुठलं? खंड आहे ना तुमचा?" त्या हिलालकडे बघून म्हणाल्या. हिलालने लाटण्यासह मान डोलावली. "कलम सातही आज नव्हतं. तरी पोरांनी कुलपाला हात लावला नाही. दिवसभर उन्हात उभे राहून मला जेवू घातलं. सव्वीस वर्षांत तुम्ही मला पाण्याचं फुलपात्र दिलं आहे का कधी?"

शेठनी आधारासाठी वकिलांकडे पाहिलं. शिंपी वकील एव्हाना फुलका खात होते. "कायद्याने बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मीठ आहे का हो थोडं?"

मुलं त्या रात्री ओसरीवर झोपली. चौथा करार दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या आत, उंबरा ओलांडून, लिहिला गेला. शेठ सांगत होते, पण त्यांचा आवाज बसला होता आणि जवळ सायरबाई बसल्या होत्या. चौदा कलमांची नऊ झाली.

"खाली जागा आहे का रे?" सायरबाईंनी विचारलं.

"आहे, बाई."

"मग लिही, राहणाऱ्यांचे हक्क. खोलीत पंखा मालकाने लावून द्यायचा. मी बसले आहे त्या पत्र्याखाली, मला विचारा. परीक्षेच्या महिन्यात खंड घ्यायचा नाही. आणि खंडाच्या दिवशी खोलीचा ताबा सायरबाईंकडे राहील. स्वयंपाक पाहुणे करतील."

"ताबा तुझ्याकडे कशाला?" शेठनी विचारलं.

"सामायिकाला."

शेठना यात कायद्याची काही खोट दिसेना. ते सही ठोकून दुकान उघडायला गेले. लावायचं तिकीट कपाटात होतं. सायरबाई उठल्या, झुबका हातात घेतला आणि कपाटाची किल्ली शोधू लागल्या. कोठीची गेली, पेटीची गेली, आणि त्यांच्यामागून एक लांब पितळी किल्ली पुढे आली. अलीगढी. शेठच्या बंडीतल्या किल्लीची सख्खी बहीण.

अभिमनचा पेन थांबला. सायरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग किल्लीकडे.

"मी खोटं नाही बोलले," त्या हळूच म्हणाल्या. "तीन दाखवल्या. पुढच्या तू विचारल्या नाहीस."

अभिमनला हसावं की रडावं कळेना. उन्हातल्या सगळ्या फेऱ्या, ओली बारदानं, बाहीतली भाजी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. "पण बाई, आम्ही किती घाबरलो होतो."

"ते चुकलंच माझं." त्यांनी किल्ली झुबक्यात मागे सारली. "सूर्य बुडायला आला असता तर दिलीच असती. पण बसल्या जागी मला गरम फुलका कधी कोणी दिला नव्हता रे. म्हटलं, आणखी एक खाऊ. मग आणखी एक."

तेवढ्यात दुकानातून हाक आली. "सायर, त्या कुलपाची दुसरी किल्ली काही सापडत नाही. नवं कुलूप आणून टाकू का?"

"नको," सायरबाई आतून म्हणाल्या. "हेच चांगलं आहे."

या वेळी शेठ उत्तरासाठी थांबले होते. अभिमनने तिकीट चिकटवलं आणि पाहुणा म्हणून खाली आपली मोत्यासारखी सही केली; साक्षीदार तर तो आधीच झाला होता.